ध्वनिमुद्रण कंपन्या आणि डिजिटल मराठी संगीत

ध्वनिमुद्रण कंपनी (प्रचलित शब्द: म्युझिक कंपनी किंवा लेबल) ही गायक, कवी व संगीतकार यांच्याकडून गीत तयार करून घेणारी, त्याच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क बाळगणारी आणि ते श्रोत्यांपर्यंत पोहोचवणारी व्यापारी संस्था होय. तबकडी व कॅसेटच्या काळात उत्पादन आणि वितरण हे या कंपन्यांचे मुख्य बळ होते. इंटरनेटमुळे ही दोन्ही कामे जवळजवळ विनाखर्च झाली. त्यामुळे कंपन्यांची गरज उरेल का आणि गीतांचे उत्पन्न कोणाला मिळेल, हे प्रश्न मराठी संगीतापुढे उभे राहिले आहेत.

तबकड्यांचा काळ

भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली कलकत्त्यात झाला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असे. नाट्यपदे आणि पुढे भावगीते याच मर्यादेत घडली. ग्रामोफोन कंपनीची 'एच. एम. व्ही.' ही मुद्रा मराठी घरांत सर्वाधिक परिचित होती. भावगीतगायक जी. एन. जोशी यांनी याच कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी म्हणूनही काम केले. २००० साली या कंपनीचे नाव 'सारेगामा' झाले. मुंबईत १९३५ ते १९५५ या काळात 'यंग इंडिया' ही स्वदेशी मुद्राही कार्यरत होती. नवोदित व हौशी कलावंतांना तिने मोठ्या प्रमाणावर संधी दिली.

कॅसेट आणि ग्रामीण बाजारपेठ

फोनोग्राफ आणि तबकड्या महाग असल्याने त्यांचा प्रसार मुख्यतः शहरी व सधन घरांपुरता राहिला. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटमुळे ही स्थिती बदलली. टी-सिरीज, व्हीनस यांसारख्या नव्या कंपन्यांनी जुन्या कंपनीची मक्तेदारी मोडली. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, वामनदादा कर्डक यांच्या परंपरेतील भीमगीते, लावण्या आणि लोकगीते यांना त्यामुळे स्वतंत्र बाजारपेठ मिळाली. पुण्यातील अलूरकर म्युझिक हाऊससारख्या छोट्या प्रकाशकांनी शास्त्रीय संगीत आणि कथाकथन यांचा वेगळा श्रोता जोपासला.

लातूर जिल्ह्यातील जळकोट किंवा नांदेड जिल्ह्यातील मुखेड, कंधार अशा तालुक्यांच्या गावांत संगीत विकत मिळू लागले ते प्रामुख्याने कॅसेटच्या रूपात. आठवडी बाजार आणि जत्रा ही तिच्या विक्रीची ठिकाणे होती. त्याच वेळी नकली कॅसेटचा व्यापारही फोफावला. परंतु अधिकृत कॅसेटच्या वेष्टनावर गायक, गीतकार व संगीतकार यांची नावे सहसा छापलेली असत, ही गोष्ट पुढील काळाच्या तुलनेत महत्त्वाची ठरते.

इंटरनेटमुळे झालेला बदल

कॅसेट व सीडी मागे पडल्यावर काही वर्षे मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून घेण्याची पद्धत ग्रामीण भागात रूढ होती. या व्यवहारातून निर्मात्यांना काहीच मिळत नसे. शिवाय फाईलबरोबर गीतकाराचे नावही हरवत असे. २०१६ नंतर मोबाईल डेटा स्वस्त झाला आणि यूट्यूब व स्ट्रीमिंग सेवा गावोगावी पोहोचल्या. आज जगभरातील ध्वनिमुद्रित संगीताच्या उत्पन्नापैकी सुमारे दोन तृतीयांश वाटा स्ट्रीमिंगचा आहे.

आता जळकोटच्या एखाद्या गायकालाही ध्वनिमुद्रण करून स्वतःच्या वाहिनीवर गीत प्रसिद्ध करता येते. संजू राठोड यांचे 'गुलाबी साडी' (२०२४) हे चित्रपटाबाहेरील मराठी गीत याच मार्गाने महाराष्ट्राबाहेरही पोहोचले. मात्र रोज प्रसिद्ध होणाऱ्या असंख्य गीतांतून लोकांचे लक्ष वेधणे कठीण झाले आहे. म्हणून प्रसिद्धी, चित्रीकरणाचा खर्च आणि सेवांशी वाटाघाटी यांसाठी अनेक कलावंत अजूनही कंपनीकडे वळतात.

कायदेशीर बाजू

भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार ध्वनिमुद्रण, शब्द आणि चाल यांचे हक्क वेगवेगळे असतात. पूर्वी कवी व संगीतकार बहुधा एकरकमी मानधन घेऊन सर्व हक्क कंपनीला देत. २०१२ च्या दुरुस्तीने यात मूलभूत बदल केला. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता, गीताच्या अन्य वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनातील गीतकार व संगीतकार यांचा समान वाटा आता करारानेही काढून घेता येत नाही. हे धन गोळा करून वाटण्याचे काम 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' (स्थापना १९६९, मुंबई) करते. मात्र त्यासाठी रचनाकाराने सभासद होऊन आपली गीते नोंदवावी लागतात. ध्वनिमुद्रणाच्या ओळखीसाठी बारा अक्षर-अंकांचा 'आयएसआरसी' हा आंतरराष्ट्रीय क्रमांकही वापरला जातो. नावाची नोंद चुकली किंवा राहिली, तर गीत लाखो वेळा ऐकले जाऊनही रचनाकाराच्या हाती काही पडत नाही. अनेक लोकगीतांची मूळ रचना मौखिक असल्याने ही अडचण तेथे अधिक तीव्र आहे.

कंपन्यांची बाजू बळकट करणारा एक निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये 'टिप्स विरुद्ध विंक' या खटल्यात दिला. प्रसारकांना कंपनीच्या संमतीशिवाय ठरावीक दराने गीते वापरू देणारी वैधानिक परवान्याची तरतूद इंटरनेटवरील सेवांना लागू नाही, असे न्यायालयाने ठरवले. खंडपीठाने २०२२ मध्ये हा निर्णय कायम केला. त्यामुळे स्ट्रीमिंग सेवांना गीतांच्या मालकांशीच करार करावे लागतात.

जुन्या ध्वनिमुद्रणांचे जतन

स्ट्रीमिंगमुळे जुन्या गीतांच्या संग्रहाला नवे मोल आले. सारेगामाने २०१७ मध्ये हिंदी गीते आधीच भरलेला 'कारवाँ' हा संच बाजारात आणला, पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली. मात्र बंद पडलेल्या कंपन्यांच्या तबकड्यांना असा वाली नसतो. 'यंग इंडिया'च्या तबकड्या व सूचिपत्रे यांचे डिजिटल जतन मुंबईतील संग्राहकांच्या प्रयत्नांतून आणि ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने झाले. भारतात ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. तो संपला तरी शब्द व चाल यांचे हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत असू शकतात.

भवितव्य

तबकडी छापणे आणि माल दुकानांत पोहोचवणे ही ध्वनिमुद्रण कंपन्यांची जुनी कामे संपली आहेत. हक्कांचे व्यवस्थापन, संग्रहाची निगा आणि नव्या कलावंतांमध्ये गुंतवणूक ही कामे उरली आहेत. यांपैकी पहिले काम सर्वांत किफायतशीर असल्याने केवळ जुन्या हक्कांवर विसंबून राहण्याचा मोह कंपन्यांना होऊ शकतो. दुसरीकडे, हक्क स्वतःकडे ठेवून कंपनीला मर्यादित मुदतीचा परवाना देण्याचा पर्याय आज कलावंतांनाही उपलब्ध आहे. मराठी संगीताच्या दृष्टीने कंपन्या टिकतात की नाही यापेक्षा प्रत्येक गीताबरोबर त्याच्या रचनाकाराचे नाव आणि त्याचा वाटा टिकतो की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.