दुधनीची कन्या शांता आपटे

सोलापूरहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अक्कलकोट रोडच्या पुढे दुधनी हे स्थानक लागते. कर्नाटकाच्या सीमेलगत असलेले अक्कलकोट तालुक्यातील हे गाव व्यापारी मंडळींना धान्याची बाजारपेठ म्हणून चांगले परिचित आहे. बोलपटाच्या पहिल्या दशकात साऱ्या देशाला आपल्या गाण्याने आणि अभिनयाने वेड लावणारी शांता आपटे ही गायिका-अभिनेत्री याच गावात १९१६ साली जन्मली, हे मात्र आज फार थोड्यांच्या स्मरणात असेल.

शांताबाईंचे वडील स्टेशनमास्तर होते आणि त्यांना गाण्याची मनापासून आवड होती. मुलीच्या गळ्यातील गोडवा त्यांनी लवकर ओळखला. पुढे पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात तिने गायनाचे पद्धतशीर शिक्षण घेतले. गणेशोत्सवातील गायनाने तिची श्रोत्यांशी पहिली ओळख झाली. बंधू बाबूराव यांनी बहिणीच्या शिक्षणाची आणि नंतरच्या व्यवसायाची सूत्रे कडक शिस्तीने सांभाळली. कुलीन घरातील मुलीने चित्रपटात जाणे समाजाला रुचत नसे, अशा त्या काळात घरचे माणूस पाठीशी असणे ही लहान गोष्ट नव्हती.

गाता गाता अभिनय

१९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’ या बोलपटात शांताबाई राधेच्या भूमिकेत पडद्यावर आल्या. कृष्णाच्या भूमिकेत शाहू मोडक होते. मुंबईत हा चित्रपट पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. कलावंताला कॅमेऱ्यापुढे स्वतःच गावे लागे. म्हणूनच कसलेला गळा असलेली मुलगी निर्मात्याच्या दृष्टीने अनमोल होती.

दोन वर्षांनी त्या पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाल्या. व्ही. शांताराम यांचा ‘अमृतमंथन’ १९३४ साली पडद्यावर आला. देवीच्या उत्सवातील नरबळी आणि पशुबळी बंद करू पाहणारा राजा आणि त्याविरुद्ध कारस्थान रचणारा राजगुरू यांचा संघर्ष हा या चित्रपटाचा विषय. अहिंसेचा विचार इतक्या ठामपणे मांडणाऱ्या या कथेत शांताबाईंकडे नायकाच्या बहिणीची, सुमित्रेची भूमिका होती. संगीत केशवराव भोळे यांचे होते. तोवर पडद्यावरील गायक-गायिका बहुधा एका जागी उभे राहून, जणू बैठकीतच असल्यासारखे गात. शांताबाईंनी डोळे, हात आणि चेहरा यांना गाण्यात सहभागी करून घेतले. त्यामुळे गाणे कथेत अडथळा न ठरता कथेचाच भाग झाले. पुढे ‘अमरज्योती’, ‘राजपूत रमणी’, ‘वहाँ’ आणि ‘गोपाळकृष्ण’ या प्रभातच्या चित्रपटांनी त्यांचे नाव घराघरांत पोहोचवले.

‘कुंकू’ची नीरा

या साऱ्यांत शिरोमणी ठरला तो १९३७ सालचा ‘कुंकू’. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. हिंदीत तो ‘दुनिया न माने’ या नावाने निघाला. मामाच्या लोभामुळे नीरा या तरुण मुलीचे लग्न फसवून एका वयस्क विधुराशी लावले जाते. ती घर सोडून पळत नाही आणि रडत नशिबालाही शरण जात नाही. त्याच घरात राहून ती या विवाहाला मनाने मान्यता नाकारते. म्हाताऱ्या पतीची भूमिका केशवराव दाते यांनी केली. हा गृहस्थ खलपुरुष म्हणून रंगवलेला नाही. आपल्या हातून झालेला अन्याय त्याला हळूहळू उमगत जातो, आणि त्यातूनच कथेला तिचे गांभीर्य लाभते.

त्या काळी जरठ-बाला विवाह अनेक समाजांत रूढ होते. व्यापारी समाजही त्याला अपवाद नव्हता. प्रश्न प्रत्येकाच्या अंगणातला असल्यामुळे ‘कुंकू’ पाहून परतणाऱ्या प्रेक्षकाला तो दुसऱ्याच्या घरचा म्हणून झटकता येत नसे. चित्रपटात वेगळे पार्श्वसंगीत वापरलेले नाही. जे ऐकू येते ते प्रसंगातच निर्माण झालेले आवाज आणि गाणी. शांताबाईंनी त्यात लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविताही गाऊन दाखवली. परकी भाषा, स्पष्ट उच्चार आणि नीरेचा करारी स्वभाव यांचा मेळ त्यांनी सहज साधला.

प्रभातच्या दारातील उपोषण

पडद्यावर नीरा अन्यायापुढे झुकली नाही. पडद्याबाहेर शांताबाईंवरही तसा प्रसंग आला. १९३९ साली करार आणि वेतन यांवरून त्यांचा प्रभात कंपनीशी वाद झाला. बोलणी फिसकटली तेव्हा त्यांनी कंपनीच्या प्रवेशद्वारापाशी उपोषण आरंभले. देशातील एक आघाडीची अभिनेत्री आपल्याच कंपनीच्या दारात अन्नत्याग करून बसली आहे, हे दृश्य लोकांना नवे होते.

जैन घरांत उपवास ही आत्मशुद्धीची साधना आहे. शांताबाईंचे उपोषण त्या प्रकारचे नव्हते. ते मागणीचे साधन होते आणि गांधीजींच्या उदाहरणामुळे त्याचा अर्थ त्या काळी कोणालाही सांगावा लागत नसे. त्यांची बाजू पूर्णपणे बरोबर होती की नाही, यावर तेव्हाही दुमत झाले. तिला नाव मिळवून दिले त्यांच्याच दारात तिने बसावे काय, असा एक प्रश्न. नाव मिळाले म्हणून श्रमाचा मोबदला आणि मान मागू नये काय, असा दुसरा. व्यवहारात ज्यांची हयात गेली त्यांना या दुसऱ्या प्रश्नाचे वजन अधिक जाणवेल. पेढीवरच्या मुनिमापासून गोदामातील हमालापर्यंत प्रत्येकाशी बोली स्पष्ट असावी, हा व्यापाराचा पहिला धडा आहे. कलेच्या क्षेत्रात तो धडा मोठ्याने उच्चारण्याचे धाडस तेविशीतल्या एका तरुणीने केले.

त्यानंतर त्यांनी प्रभात सोडली. १९४० साली त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. चित्रपटाच्या झगमगाटाला भुलून येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना या व्यवसायाचे खरे रूप दाखवणे हा त्याचा हेतू होता. पडद्यावरचा आनंद हा अनेकांच्या श्रमांतून तयार होणारा माल आहे आणि त्या श्रमांत माणसाचे शरीर झिजते, ही जाणीव त्यामागे होती. इतक्या लवकर आपल्याच व्यवसायाकडे असे डोळसपणे पाहणारे लेखन भारतीय अभिनेत्रीच्या हातून क्वचितच झाले असेल.

भाषेच्या सीमा ओलांडून

प्रभातचे छत्र गेल्यावर शांताबाई थांबल्या नाहीत. १९४१ सालच्या ‘सावित्री’ या तमिळ चित्रपटात त्या नायिका झाल्या. त्यासाठी त्यांनी तमिळ भाषेचा परिश्रमपूर्वक अभ्यास केला आणि आपले संवाद व गाणी स्वतःच्याच आवाजात सादर केली. याच चित्रपटात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी नारदाची भूमिका केली होती. ‘कल्की’ या नव्या तमिळ साप्ताहिकासाठी भांडवल उभे राहावे म्हणून सुब्बुलक्ष्मींनी ते काम स्वीकारले होते. दोन थोर गायिकांचा एका पडद्यावरचा हा योग दुर्मीळ म्हणावा लागेल.

पुढच्याच वर्षी लाहोरच्या पांचोली संस्थेच्या ‘जमीनदार’ चित्रपटात गुलाम हैदर यांच्या संगीतात त्या गायल्या. १९४६ सालच्या मास्टर विनायक यांच्या ‘सुभद्रा’ चित्रपटात त्यांच्यासोबत तरुण लता मंगेशकर होत्या. कलबुर्गीच्या वाटेवरील लहान स्थानकातून निघालेला हा आवाज पुणे, मद्रास, लाहोर आणि मुंबई अशा चारही केंद्रांत ऐकला गेला.

तथापि काळ बदलत होता. पार्श्वगायन रूढ झाले आणि अभिनय करणारी व गाणारी अशा दोन व्यक्ती वेगळ्या झाल्या. गाणाऱ्या नायिकेची गरज ओसरली. पन्नाशीच्या दशकात शांताबाईंच्या वाट्याला मोजक्या आणि दुय्यम भूमिका येऊ लागल्या. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आयुष्याची पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. त्यांच्या कन्या नयना आपटे यांनी मराठी रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत काम करून गाण्याचा आणि अभिनयाचा हा वारसा पुढे चालवला.

आजच्या घरांसाठी

आज दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांतून मुले एका रात्रीत प्रसिद्ध होतात. तेथून मालिका आणि चित्रपट यांची दारे उघडतात. व्यापारी कुटुंबांतील मुलामुलींनाही या वाटेचे आकर्षण वाटते आणि त्यात गैर काही नाही. मात्र मुलीने वा मुलाने स्वाक्षरी करण्यापूर्वी करारपत्राची प्रत्येक ओळ वाचण्याची काळजी घरच्यांनी घ्यावी. कामाचे तास किती, मोबदला केव्हा, करार किती वर्षांचा आणि शिक्षणाचे काय, हे प्रश्न विचारण्यात संकोच कसला? शांताबाईंना हे प्रश्न रस्त्यावर बसून विचारावे लागले. आजच्या पालकांना ते घरच्या बैठकीत, शांतपणे विचारता येतात.

आणखी एक गोष्ट त्यांच्या चरित्रातून घेण्यासारखी आहे. प्रसिद्धी येण्यापूर्वी त्यांच्याजवळ पंढरपूरच्या विद्यालयातील तालीम होती. कंपनी सुटली, भाषा बदलली, शहरे बदलली, तरी त्या विद्येच्या बळावर त्यांना नवे काम मिळत गेले. मुलांना रंगमंचावर पाठवण्याची घाई करणाऱ्या पालकांनी आधी गुरूकडे पाठवावे, ते याचसाठी.

पुण्यात ज्या प्रभातच्या दाराशी त्या बसल्या होत्या, त्या वास्तूत १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था उभी आहे. देशभरातील तरुण तेथे ही कला शिकतात. दुधनीच्या शाळेतही एखाद्या वर्गात शांता आपटे यांचे नाव सांगितले जावे आणि त्यांचे एखादे गाणे मुलांना ऐकवले जावे. गावच्या लेकीची आठवण गावाने ठेवायची, तर तिची सुरुवात एवढ्यानेही होऊ शकेल.