निवडुंगाचे कलम : आधी खुंट ओळखा

रोपवाटिकेत तांबड्या, पिवळ्या वा नारिंगी गोळ्याचा एक चिमुकला निवडुंग हमखास दिसतो. हिरव्या दांड्यावर रंगीत फूल उमललेले आहे, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः तो एकाच्या डोक्यावर दुसरा बसवलेला जोडनिवडुंग असतो. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य जवळजवळ नसल्यामुळे त्याला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही आणि खालचा हिरवा खुंट त्याला पोसत असतो. जपानमध्ये 1940च्या दशकात अशी रंगीत रोपे कलमाने जगवण्यास आरंभ झाला. आज दक्षिण कोरियातून ती जगभर जातात. बेळगाव, निपाणी किंवा गोव्यातील घरांत मात्र हे रोप पुष्कळदा पहिल्याच पावसाळ्यानंतर मऊ पडून कोलमडते. दोष वरच्या गोळ्याला दिला जातो. पण बहुतेक वेळा कुजलेला असतो तो खुंट.

खुंटाचे महत्त्व या भागाला नवे नाही. अथणी आणि विजापूरकडील द्राक्षबागायतदार क्षारयुक्त जमिनीत व कमी पाण्यात वेल टिकावी म्हणून ‘डॉगरिज’ खुंटावर कलम करतात. हवे ते फळ वर आणि सोशीक मूळ खाली, हेच तत्त्व निवडुंगालाही लागू पडते. मंद गतीने वाढणारे दुर्मीळ रोप लवकर मोठे करणे, मूळ कुजलेल्या रोपाचा शेंडा वाचवणे आणि हरितद्रव्यहीन रोप जगवणे, या तीन कारणांसाठी निवडुंगाचे कलम केले जाते.

पहिली चूक नावामुळे होते. आपल्याकडे काटेरी, मांसल दिसणाऱ्या प्रत्येक झाडाला निवडुंग म्हणतात. शेताच्या कुंपणाला लावलेला त्रिधारी निवडुंग किंवा शेर हे खरे निवडुंग नव्हेत. ते एरंडाच्या कुळातले आहेत. खरे निवडुंग अमेरिका खंडातून आले. भिन्न कुळांतील दोन झाडांचे कलम टिकत नाही. म्हणून कुंपणावरचा त्रिधारी निवडुंग कापून त्यावर कलम बांधणारा हौशी माणूस कितीही नीट काम करो, त्याचे श्रम वाया जातात. ओळख सोपी आहे. कापल्यावर पांढरा चीक वाहिला, तर ते झाड खुंट म्हणून बाद समजावे. हा चीक डोळ्यांना अपायकारक असल्याने हातही लगेच धुवावेत. खऱ्या निवडुंगाचे काटे लवदार उशीसारख्या छोट्या ठिपक्यातून निघतात.

दुसरा प्रश्न हवामानाचा. बेळगाव ते निपाणी हे अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर. पण हवा एक नाही. खानापूर, कणकुंबीकडे पावसाची झड दिवसेंदिवस थांबत नाही. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असून तेथे पावसाळा दमट आणि हिवाळ्याच्या रात्री गार असतात. निपाणीचा तंबाखूचा पट्टा त्या मानाने कोरडा आहे. चोर्ला घाट उतरून गोव्यात यावे, तर थंडी नाहीशी होते आणि दमटपणा मात्र वाढतो. त्यामुळे एकच खुंट सर्वत्र चालेल, असे मानणे चुकीचे ठरते.

सर्वांत सहज मिळणारा खुंट म्हणजे ड्रॅगन फ्रूटची वेल, अर्थात हायलोसेरियस. या फळाची लागवड आता उत्तर कर्नाटकात आणि शेजारच्या सांगली, सोलापूर जिल्ह्यांत होते. छाटणीनंतर उरलेल्या फांद्या शेतकरी टाकूनच देतो. ही वेल उष्ण, दमट हवेची आणि झपाट्याने वाढणारी आहे. गोव्यात, छपराखाली ती उत्तम काम देते. बेळगावच्या थंडीत मात्र तिची वाढ मंदावते आणि त्याच वेळी कुंडीत पाणी साचले, तर ती कुजते. शिवाय हा खुंट अल्पायुषी असून काही वर्षांत थकतो. तो सुकू लागण्यापूर्वीच वरचा गोळा कापून नव्या खुंटावर बसवावा. फांदी घेताना तिच्यावर डाग वा फोड नाहीत, हे पाहावे.

दीर्घकाळ टिकणारे कलम हवे असल्यास ट्रायकोसेरियस घ्यावा. हा थंडी सोसतो, सावकाश पण भक्कम वाढतो; बेळगावच्या उघड्या गच्चीसाठी तोच योग्य. निळसर झाक असलेला मिर्टिलोकॅक्टस जोमदार असला, तरी थंडी व ओल एकत्र आल्यास तग धरत नाही. निपाणीच्या कोरड्या हवेत त्याला वाव आहे. जुन्या बागांतून दिसणारा खांबासारखा उंच सेरियसही चालतो, मात्र त्याचा कोवळा शेंडाच वापरावा. खालचा भाग लाकडासारखा कठीण झालेला असतो. बियांपासून उगवलेल्या मोहरीएवढ्या रोपांसाठी पेरेस्किऑप्सिस हा बारीक दांड्याचा खुंट वापरतात.

फड्या निवडुंग काटक असला, तरी वरचे रोप त्यावर बेढब फुगते. शिवाय त्याला कोचिनियल कीड लागते. 1926 साली दक्षिण भारतात याच वर्गातील कीड मुद्दाम आणून फड्याचा उपद्रव आटोक्यात आणण्यात आला होता. फड्यावर पांढरा कापूस दिसला आणि चिरडल्यावर लाल रंग निघाला, तर तो खुंट दूर ठेवावा.

खुंट निवडल्यावरचे काम सोपे आहे. फांदी आठवडाभर सावलीत सुकवून वाळूमिश्रित मातीत लावावी आणि मुळे धरून ती टवटवीत झाल्यावरच कलम करावे. स्पिरिटने पुसलेल्या पात्याने दोन्ही काप सपाट घ्यावेत. खुंटाच्या धारा कडेने किंचित तिरप्या छाटाव्यात. नाहीतर आतला गर आक्रसून मध्यभाग खोलगट होतो आणि जोड सुटतो. कापलेल्या भागावर एक फिकट कडे दिसते. तीच रसवाहिन्यांची वाट. दोन्ही कडी एकमेकांना कुठेतरी छेदली पाहिजेत, मग वरचा तुकडा मध्यावर नसला तरी चालेल. रबराने हलकेच बांधून आठ-दहा दिवस सावलीत ठेवावे; कापावर पाणी पडू देऊ नये.

या कामासाठी फेब्रुवारी अखेर ते एप्रिल हा काळ उत्तम. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी जोड पक्का झालेला असतो. श्रावणात मात्र सुरी हाती घेऊ नये. रोप खालून कुजत चालले असेल आणि शेंडा वाचवणे भागच असेल, तेवढाच अपवाद.