दूर गेलेल्या नातवंडाशी बोलताना

दहावीचा निकाल लागला, की अनेक घरांतील पंधरा-सोळा वर्षांची मुले लातूर, पुणे किंवा थेट राजस्थानातील कोटा येथे शिकण्यासाठी जातात. मागे उरतात आईवडील, आजीआजोबा आणि रात्रीचा एक फोन. त्या फोनवर आपण काय बोलतो, याला आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे.

बहुतेक घरांत हे संभाषण तीन प्रश्नांत आटोपते : जेवलास का? अभ्यास झाला का? चाचणीत गुण किती? विचारण्यामागे माया असते. मुलाला मात्र ती तपासणी वाटते. मग 'हो', 'ठीक', 'बघू' एवढीच उत्तरे येतात आणि सांगण्यासारखे ते मनातच राहते. गुणांची चौकशी करणारे त्याच्याभोवती पुष्कळ असतात. आजीआजोबांनी तरी तो विषय बाजूला ठेवावा. अंगणातल्या चाफ्याचे छायाचित्र पाठवावे, आज आमटी करपली हे सांगावे, मोबाइलमधील अडचण त्यालाच विचारावी. आपला कोणाला तरी उपयोग होतो, ही जाणीव त्या वयात मोठा आधार देते.

वेळेचेही भान ठेवावे. किशोरवयात मेलाटोनिन हे झोपेशी संबंधित संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते; उशिरा झोप येणे हा केवळ आळस नव्हे. या वयाला 8 ते 10 तासांची झोप हवी. तेव्हा पहाटे पाचला फोन न करता आवाजी निरोप पाठवावा. तो सवडीने ऐकेल. निळ्या खुणा दिसूनही उत्तर आले नाही, तर लगेच रागावू नये.

आपल्याला 'आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत' असे होत असेल, तर व्हिडिओ कॉल करावा. ओठांची हालचाल दिसली की शब्द समजणे सोपे जाते. मुलाला खिडकीकडे किंवा दिव्याकडे तोंड करून बसायला सांगावे. आपली श्रवणक्षमताही एकदा तपासून घ्यावी.

केव्हा सावध व्हावे?

दोन आठवडे झोप-भूक बिघडलेली असणे, फोन टाळणे, मित्रांपासून तुटणे, आवडत्या गोष्टींत रस न उरणे, ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. 'माझा काही उपयोग नाही', 'मी तुम्हांला ओझे झालो' असे शब्द आले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. 'जीव नकोसा वाटतो का?' असे शांतपणे, स्पष्ट विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात रुजत नाही. उलट बोलण्याची वाट मोकळी होते. उत्तर 'हो' असल्यास उपदेश करू नये, शपथा घालू नयेत. फोन चालू ठेवून घरातील दुसऱ्या व्यक्तीने वसतिगृहाच्या अधीक्षकांना त्याच्याजवळ पाठवावे, त्याला एकटे राहू देऊ नये आणि घरच्यांनी तत्काळ निघावे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. तेथे मराठीतूनही बोलता येते.

नातू म्हणेल, 'आजी, आईला सांगू नकोस.' सिनेमाला गेल्याचे गुपित अवश्य राखावे. जिवाशी संबंधित गोष्ट मात्र लपवू नये आणि 'हे मला सांगावे लागेल, पण मी तुझ्या बाजूने उभी राहीन' असे त्यालाच आधी सांगावे.