‘दर्पण’च्याही आधीचे वाचनालय

मराठीतले पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. रत्नागिरीत त्याआधीच, १८२८ साली, ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ सुरू झाली होती. आजचे रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय ते हेच. महाराष्ट्रातले सर्वांत जुने सार्वजनिक वाचनालय म्हणून त्याची ओळख आहे आणि २०२८ साली ते दोनशे वर्षांचे होईल. द्विशताब्दी म्हटली की समारंभ आलेच. ते कसे असावेत हे ठरवायचे, तर हे वाचनालय आजवर कशावर जगले ते आधी पाहायला हवे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कोकण कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. १८२२ मध्ये जिल्ह्याचे ठाणे बाणकोटहून रत्नागिरीला हलले. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत इथे वाचनालय उभे राहिले. मुंबईशी संबंध मुख्यतः समुद्राचा. पावसाळ्यात गलबते बंद झाली की तो मार्गही खुंटायचा. मराठीत छापील पुस्तके तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. पहिली कादंबरी म्हणून गणली जाणारी ‘यमुनापर्यटन’ यायला अजून एकोणतीस वर्षे होती. वाचायला पुरेसे मराठी साहित्यच नसताना या गावाने वाचनालयाची वाट धरली, हे मला फार मोलाचे वाटते. खुद्द इंग्लंडमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला तो १८५० साली. त्या कायद्याने कराच्या पैशातून चालणारी ग्रंथालये आली. आपल्याकडची जुनी वाचनालये वर्गणीवर आणि देणग्यांवर चालली. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. लोकांनी वर्गणी भरली म्हणून ती टिकली.

आज रत्नागिरीच्या वाचनालयात लाखाच्या वर ग्रंथ आहेत. आकडा मोठा आहे, पण वाचनालयाचे खरे चलनवलन कळते ते देवघेवीच्या टेबलाशी. पुस्तक परत आले की त्याची नोंद होते आणि ते कपाटात जायच्या आत कुणीतरी त्यावर हात ठेवतो. ‘हे आता आलं का? मग मीच नेते,’ असे म्हणणाऱ्या काकू कोणत्याही गावच्या वाचनालयात भेटतात. दिवाळीनंतर या टेबलाला विशेष रंग चढतो. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी वाचकाला वर्षभराची नवी ओढ लावली. एका घराला पाच-सात अंकही विकत घेणे जड जाते. वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत ठरावीक रक्कम भरली की अंक आळीपाळीने घरी येत राहतात. शिमगा जवळ येईपर्यंत लोकप्रिय अंकाची पाने मऊ पडलेली असतात, कव्हर चिकटपट्टीवर तगून असते. तो फाटका अंक म्हणजे त्या वर्षीच्या वाचनाची पावतीच.

कोकणात पुस्तक सांभाळणे हे मात्र निराळेच काम आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात कापडी बांधणीवर पांढरी बुरशी धरते, कसर पानांच्या कडा खाते, भिंतीतून वाळवी कपाटाच्या पाठीला लागते. जुन्या कागदातल्या आम्लामुळे पान पिवळे पडते आणि दुमडले की तुटते. पुस्तके झाडणे, कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढणे, हवा खेळती ठेवणे, उघडीप मिळाली की ओलसर पुस्तके उलगडून ठेवणे, ही कामे बातमीत येत नाहीत. ती एखाद्या वर्षी राहून गेली तर त्या वर्षीचे नुकसान पुढे कितीही निधी आला तरी भरून निघत नाही.

चिपळूणने हे फार मोठी किंमत मोजून अनुभवले. तिथले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे, कोकणातल्या मानाच्या ग्रंथसंस्थांपैकी एक. २२ जुलै २०२१ च्या महापुरात तिथे पाणी शिरले आणि हजारो पुस्तके गेली. नवी पुस्तके पुन्हा घेता येतात. दुर्मीळ पुस्तकाची उरलेली एकुलती एक प्रत गेली, तर तो मजकूरच जगातून जातो. म्हणून द्विशताब्दीच्या कार्यक्रमांच्या यादीत जुन्या ग्रंथांचे संगणकीकरण आणि शास्त्रशुद्ध जतन सर्वांत वर हवे. त्यासाठी मांडव लागत नाही, पाहुणा लागत नाही. प्रशिक्षित माणसे, चांगले स्कॅनर आणि काही वर्षांचा नेटाचा वेळ लागतो.

वाचनालयाच्या वर्षाला सणवारांसारखा आपला क्रम आहे. १२ ऑगस्टला डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीचा ग्रंथपाल दिन. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यालाही नवे निमित्त मिळाले. १५ ऑक्टोबरला डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, १४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह, १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. शिवाय शासनाच्या ग्रंथालय संचालनालयाचा जिल्हा ग्रंथोत्सव. तारखांची वाण नाही. पण दीपप्रज्वलन, हारतुरे, मान्यवरांची मनोगते आणि आभारप्रदर्शन एवढ्यावर दिवस साजरा झाला, तर वाचनालयाला त्यातून काय मिळाले?

माझ्या मते वाचनालयाच्या कार्यक्रमाची कसोटी एकच: दुसऱ्या दिवशी सकाळी देवघेवीच्या टेबलावर पुस्तक हलले का? रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांचा गाभाही हाच, की प्रत्येक पुस्तक त्याच्या वाचकापर्यंत आणि प्रत्येक वाचक त्याच्या पुस्तकापर्यंत पोहोचला पाहिजे. व्याख्यान झाले, तर त्या विषयाची वीस पुस्तके दाराशीच मांडून ठेवावीत आणि व्याख्यान संपताच त्यांची नोंद करून घरी नेता यावीत. मुलांसाठी गोष्टीचा तास असेल, तर गोष्ट अर्ध्यावर थांबवावी आणि पुढची पुस्तकात शोधायला सांगावी. सभासद नसलेल्याला त्याच टेबलावर सभासद होता यावे.

विषयांसाठी तर रत्नागिरीला बाहेर पाहायलाच नको. टिळक आळीत २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्य जन्मले. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथेच नजरकैदेत होता. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात इथे स्थानबद्ध होते; पतितपावन मंदिर १९३१ चे. मालगुंड केशवसुतांचे जन्मगाव, तिथले स्मारक १९९४ मध्ये उभे राहिले. १९९० चे ६४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन रत्नागिरीतच भरले, अध्यक्ष होते मधु मंगेश कर्णिक. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे; आज ते गाव सिंधुदुर्गात असले, तरी १९८१ पर्यंत तो मुलूख याच जिल्ह्यात होता. यातल्या एकेका विषयाला एक महिना दिला आणि त्या महिन्यात आपल्या कपाटांतले सगळे संबंधित ग्रंथ, अंक, कात्रणे बाहेर काढून मांडली, तर शाळेतल्या मुलाला आपल्या गावाचा इतिहास गावातच सापडेल. याच महिन्यांत मिरकरवाड्यातल्या मच्छीमारांकडून, हापूसच्या बागायतदारांकडून, नमन-खेळे करणाऱ्यांकडून त्यांच्या कामाची आणि कलेची बोली ध्वनिमुद्रित करून ठेवावी. लाखभर पुस्तकांत जे अजून लिहिलेच गेले नाही, ते जमवणे हेही वाचनालयाचेच काम आहे.

शहराबाहेरच्या वाचकाचाही विचार हवा. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञाला बडोद्यात आणले आणि संस्थानाच्या खेड्यापाड्यांत फिरत्या ग्रंथपेट्या धाडल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाने अशाच पेट्या दूरदूरच्या मराठी वस्त्यांत नेल्या. पावस, जयगड, हातखंबा या बाजूला एस.टी.ने जाणारी एकेक पेटी सुरू झाली, तर शहरातली ही संस्था नावाप्रमाणे जिल्ह्याची होईल.

पैशाचा प्रश्न आहेच. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. ‘अ’ ते ‘ड’ अशा वर्गांनुसार अनुदान मिळते. खेड्यातल्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला २०२२ पर्यंत वर्षाला तीस हजार रुपये मिळत. त्या वर्षी साठ टक्के वाढ होऊन ते अठ्ठेचाळीस हजार झाले. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यातच पुस्तके, वीजबिल आणि ग्रंथपालाचे मानधन. जुन्या शहरी वाचनालयांची स्थिती याहून बरी असली, तरी पगार आणि ग्रंथखरेदी यांची ओढाताण तिथेही चुकत नाही. कपात करायचीच वेळ आली तर ती हारतुऱ्यांत करावी, ग्रंथखरेदीत नव्हे.

उरलेला भार आपल्यावर, म्हणजे वाचकांवर आहे. जवळपास दोनशे वर्षे या गावातल्या माणसांनी वर्गणी देऊन हे वाचनालय चालवले. त्यातल्या बहुतेकांची नावेही आज कुणाला ठाऊक नाहीत. २०२८ चा मुख्य समारंभ कुणाच्या हस्ते होईल, हे त्यापुढे गौण आहे. प्रत्येक सभासदाने त्या वर्षापर्यंत एक नवा सभासद आणावा, घरात पडून असलेले जुने स्थानिक अंक, जत्रांची पत्रके, शाळांच्या स्मरणिका वाचनालयाला द्याव्यात आणि महिन्यातून दोनदा तरी स्वतः जाऊन पुस्तक बदलून आणावे. या संस्थेची द्विशताब्दी साजरी करायचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही, आणि त्याची सुरुवात याच आठवड्यात करता येते.