तीन किलोमीटरचा सौदा

रून बेट लांबीला जेमतेम तीन किलोमीटर, रुंदीला एकही नाही. इंडोनेशियाच्या मालुकू प्रांतातल्या बांदा द्वीपसमूहाचं हे पश्चिम टोक. गोड्या पाण्याचा झरा नाही. पावसाचं पाणी साठवून प्यायचं. १६६७ साली ब्रेडाच्या तहात इंग्रजांनी या बेटावरचा हक्क सोडला आणि डचांनी मॅनहॅटनवरचा. तहात सुरीनामसारखे आणखी मुलूखही होते; पण नुसती ही दोन बेटं समोरासमोर ठेवली, तर मॅनहॅटन रूनच्या सुमारे वीसपट भरतं. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने देऊन टाकली.

रूनचं मोल जायफळात होतं. आपण श्रीखंडात किसून घालतो ते जायफळ आणि त्यावरची लाल जाळी म्हणजे जायपत्री, दोन्ही एकाच फळातली. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाला दोन्ही पुरवणारी बेटं म्हणजे ही मूठभर बांदा. रोप लावलं की झाड नर आहे की मादी, हेच पाच-सहा वर्षं कळत नाही. भरपूर फळ धरायला वीसेक वर्षं लागतात.

गंमत अशी, की रूनवरची जायफळाची झाडं डचांनी तहाआधीच तोडून टाकली होती. त्यांना तिथलं पीक नकोच होतं. ते दुसऱ्या कुणाला मिळू नये, एवढंच हवं होतं.

या मक्तेदारीचा हिशेब माणसांत फार मोठा होतो. १६२१ साली डच गव्हर्नर जनरल यान पीटरझून कूनने बांदा जिंकलं, तेव्हा तिथे अंदाजे १५,००० लोक होते. नंतर उरले हजारेक. म्हणजे दर पंधरांतले चौदा मारले गेले, उपाशी मेले, गुलाम झाले किंवा पळाले. ‘ओरांग काया’ म्हणजे गावच्या प्रतिष्ठितांपैकी ४४ जणांना जपानी भाडोत्री सैनिकांकरवी ठार केलं. जमिनीचे ६८ मळे पाडून ते डचांना दिले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले.

डचांची मक्तेदारी पुढे मोडली. इंग्रजांनी बांदा घेतलं तेव्हा रोपं पेनांगला नेली. आज कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाच्या झेंड्यावरही जायफळ आहे. बांदाची मूळ भाषा मात्र आता बांदावर कुणी बोलत नाही. तिथून पळालेल्यांचे वंशज ती दूरच्या काई बेटांवरच्या बांदा एली आणि बांदा एलात या दोन गावांत बोलतात.