वसूल दिला, मुलूख नाही

गुजरातमध्ये दारूबंदी असल्यामुळे वापीहून सिल्वासाला निघालं की हद्द कुठे बदलली हे नकाशा न उघडताही कळतं. बारच्या पाट्या दिसू लागल्या की दादरा आलं. त्या थांबल्या की पुन्हा गुजरातची चिंचोळी पट्टी, आणि पुढे नगर हवेली. एवढ्यावरही भागत नाही: नगर हवेलीच्या पोटात मघवाल नावाचं एक गाव आहे, ते गुजरातचं.

सीमा, सार्वभौमत्व आणि शासन या गोष्टी आपण एका दमात उच्चारतो. जणू एक आली की उरलेल्या दोन आल्याच. दादरा-नगर हवेलीत मात्र त्या तिन्ही कित्येक वर्षं तीन वेगवेगळ्या ठिकाणी होत्या, आणि या गुंत्याची सुरुवात पुण्यात झाली.

मराठी आरमाराने १७७२ मध्ये ‘सांताना’ या पोर्तुगीज जहाजाचं नुकसान केलं होतं. त्याच्या भरपाईचं घोंगडं बरीच वर्षं भिजत पडलं. अखेर १७ डिसेंबर १७७९ रोजी पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. पेशवे सवाई माधवराव तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे. कारभार अर्थातच नाना फडणवीसांच्या हाती. ठरलं असं, की दमण परगण्यातल्या गावांचा बारा हजार रुपयांचा वसूल पोर्तुगिजांना लावून द्यायचा. त्याप्रमाणे १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा निघाल्या. ही गावं म्हणजेच आजचं दादरा-नगर हवेली.

दिला तो वसूल. सरदाराला सरंजाम, म्हणजे गावांच्या वसुलाचा हक्क, दिला म्हणून तो त्या गावांचा राजा होत नसे; मुलूख सरकारचाच राही. पण १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, इंग्रज आले, तेव्हा या गावांत पोर्तुगीज चक्क राज्य करताना त्यांना दिसले. इंग्रजांनी ते चालू दिलं. सरंजामाचं राज्य झालं ते असं, कुठल्याही नव्या सनदेशिवाय.

जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी आधी दादरा आणि मग सिल्वासा घेतलं. संगीतकार सुधीर फडके त्यात होते, आणि या लढ्याला पैसा उभा करण्यासाठी लता मंगेशकर पुण्यात गायल्या होत्या. पोर्तुगिजांना आपल्या ताब्यातल्या दमणहून फौज पाठवायची तर वाट भारताच्या हद्दीतून. भारताने ती अडवली. डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळाल्यावर अवघ्या आठवड्याभरात पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला.

आपल्याकडे शेताची वहिवाट बांधकऱ्याने अडवली की शेतकरी मामलेदार कोर्टाच्या कायद्याखाली तहसीलदाराकडे जातो. पोर्तुगालचा दावा मुळात याच जातीचा होता. फरक इतकाच, की इथे बांधकरी एक देश होता आणि बैलगाडीच्या जागी बंदूकधारी शिपाई.

भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. १२ एप्रिल १९६० चा निकाल कोणालाही पूर्ण खूश करणारा नव्हता. पेशव्यांनी दिला तो महसूल, सार्वभौमत्व नव्हे, ही भारताची बाजू न्यायालयाने उचलून धरली. लगेच पुढे म्हटलं, की इंग्रजांनी पोर्तुगालचं सार्वभौमत्व मान्य केलं होतं आणि स्वतंत्र भारतानेही ते मूकपणे चालू दिलं होतं. रस्त्याचं उत्तर तर दुभंगलेलं. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल बिनबोभाट ये-जा करत होता, म्हणून तेवढ्यांपुरता हक्क आहे. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा परवानगीनेच जायचे, म्हणून त्यांचा नाही. हा मुद्दा आठ विरुद्ध सात अशा काठावरच्या मतांनी ठरला. शिवाय १९५४ च्या तंग परिस्थितीत भारताने वाट अडवली त्यात कर्तव्यभंग झाला नाही. दोनच देशांमधली वहिवाटही कायद्याइतकी बंधनकारक असू शकते, हे या खटल्याने पक्कं केलं. मला त्यातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि आपल्याकडे नेमकी त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

दरम्यान सिल्वासात कारभार कोणाचा? वरिष्ठ पंचायत या स्थानिक मंडळाचा. पोर्तुगीज गेलेले, भारतात विलीनीकरण झालेलं नाही. लोक होते, हद्द होती, सरकार होतं. राष्ट्र म्हणून मान्यता तेवढी कोणाचीच नव्हती, आणि तिथल्या लोकांना ती नकोही होती. त्यांना भारतात यायचं होतं. जून १९६१ मध्ये पंचायतीने तसा ठराव केला. मग अडचण आली सहीची: करार करायचा तर समोर सरकारचा प्रमुख हवा. तोड अशी काढली, की के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान करण्यात आलं. ११ ऑगस्ट १९६१ रोजी दहाव्या घटनादुरुस्तीने हा प्रदेश भारतात आला.

पोर्तुगालने हे मान्य केलं ते तिथली हुकूमशाही उलथल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, आणि तेही मागील तारखेपासून: भारतीय राज्यघटनेनुसार हे प्रदेश ज्या दिवशी भारताचे झाले त्या दिवसापासून. म्हणजे पोर्तुगालच्या हिशेबाने १९५४ ते १९६१ ही सात वर्षं, जेव्हा त्याचा एक शिपाईही तिथे नव्हता, सिल्वासा पोर्तुगालचंच होतं.