स्कॅन झाले, पण सापडणार कसे?

जुने मराठी पुस्तक आज कुठेच मिळत नाही, ही तक्रार पुष्कळदा खरी नसते. पुस्तक असते, सापडत नाही इतकेच. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात देशभरच्या ग्रंथालयांतली पुस्तके स्कॅन झाली आणि त्यांतली बरीचशी आज ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर कुणालाही फुकट वाचता येतात. अडचण नोंदींची आहे. कित्येक मराठी पुस्तकांची नावे तिथे रोमन लिपीत चढवलेली आहेत आणि स्पेलिंगला धरबंध नाही. ‘आपटे’ हे आडनाव एकाने एक ‘ए’ घालून लिहिलेले, दुसऱ्याने दोन. देवनागरीत शोधावे तर तिसरीच यादी पुढे येते. शिवाय स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यातली अक्षरे यंत्राला ओळखता आली नाहीत, तर आतल्या मजकुरात शोध घेताच येत नाही. म्हणून लेखकाचे आणि पुस्तकाचे नाव दोन्ही लिप्यांत, दोन-तीन तऱ्हांनी शोधल्याशिवाय हार मानू नये.

नीट मांडणी झाली की काय फरक पडतो, हे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशावरून कळते. त्याची 1857ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाने संकेतस्थळावर आणली, तीही शब्दागणिक शोधता येईल अशी. देवनागरीत शब्द टाकला की नोंद समोर. मराठी विश्वकोशाचेही तेच. ‘विकिस्रोत’ या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात तर हे काम घडताना दिसते: एका बाजूला स्कॅन केलेले पान, दुसऱ्या बाजूला टंकलेला मजकूर. एकाने तपासले की पानाची खूण पिवळी होते, दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवी. स्कॅन करणे हे निम्मेच काम. उरलेले निम्मे माणसाच्या डोळ्यांनीच होते.

फुकट वाचणे म्हणजे लेखकाच्या पोटावर पाय, असा आक्षेप घेतला जातो. हयात लेखकांच्या पुस्तकांच्या पीडीएफ मोबाइलवरून फिरतात, त्यांच्याबाबत तो शंभर टक्के खरा आहे. पण भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. हरि नारायण आपटे 1919 साली गेले, साने गुरुजी 1950 साली. त्यांचे साहित्य वाचताना कुणाचा हक्क बुडत नाही. पडद्यावर वाचल्याने डोळे शिणतात, हेही खरे. पण ज्या पुस्तकाची छापील प्रत गावात, तालुक्यात कुठेच नाही, त्याच्या बाबतीत पडदा आणि कागद अशी निवड मुळात उरतच नाही. आणि यामुळे ग्रंथालये ओस पडतील ही भीती तर उलटी आहे. पुस्तकाची आवृत्ती, प्रकाशक, साल अचूक नोंदवण्याची सवय ग्रंथपालांना आहे. ऑनलाइन संग्रहांना नेमकी तीच हवी आहे.

म्हणून प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्या जुन्या पुस्तकांची यादी देवनागरीत, शुद्ध नावांनिशी ऑनलाइन ठेवावी. आणि वाचकाने विकिस्रोतवरचे एक पान तपासून द्यावे. एका पानाला फार वेळ लागत नाही, आणि तपासलेले पान पुढच्या वाचकाला शोधताक्षणी सापडते.